‘मला हवं’ हे वाक्य

गडहिंग्लजकडच्या एका तरुण लेखिकेने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्या एक दोन अंकी नाटक लिहीत आहेत. काळ १८८३ सालचा, स्थळ कोल्हापूर, नायिका संस्थानच्या कचेरीतील एका ब्राह्मण कारकुनाची एकोणीस वर्षांची बायको. पहिल्या अंकाच्या शेवटी ती नवऱ्यासमोर उभी राहते, ‘मला स्वातंत्र्य हवं आहे’ असे म्हणते आणि मध्यरात्री घराबाहेर पडते. दिग्दर्शकांचे म्हणणे असे की हा आजचा विचार त्या काळावर लादला जात आहे, तेव्हाच्या बाईच्या मनात असे काही येणेच शक्य नव्हते. लेखिकेच्या मैत्रिणीला वाटते की माणसाची ओढ सगळ्या काळात सारखीच असते, त्यामुळे प्रसंग आहे तसाच राहू द्यावा. दोघांपैकी कोणाचे बरोबर, असा प्रश्न आहे.

मी चौतीस वर्षे कोल्हापुरात इतिहास शिकवला आणि त्याच्या जोडीने घराघरांतून आलेली मोडी कागदपत्रे वाचली, लावली, विद्यार्थ्यांकडून वाचून घेतली. त्या अनुभवावरून मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. त्या काळच्या विवाहित स्त्रीला मोकळेपणाची ओढ होती याबद्दल मला शंका नाही, कारण तिचे पुरावे मी पाहिले आहेत. परंतु ती ओढ कोणत्या शब्दांत बोलली जात असे आणि कोणत्या कृतीतून दिसत असे, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तुमच्या नाटकाची खरी अडचण तिथे आहे. तुमच्या नायिकेची भावना त्या काळातली आहे, वाक्य मात्र तिचे नाही.

आधी ‘स्वातंत्र्य’ या शब्दाकडेच पाहू. हा शब्द तिला ठाऊक नसेल असे समजू नका. ब्राह्मण घरात वाढलेल्या मुलीच्या कानांवर तो लहानपणीच पडलेला असणार, कारण ‘न स्त्री स्वातंत्र्यमर्हति’ हे मनुस्मृतीतले वचन कीर्तनात, पुराणात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी सहज येत असे. म्हणजे या शब्दाशी तिची ओळख झाली तीच नकारातून. बाईच्या बाबतीत ‘स्वतंत्र’ हे विशेषण वापरले गेले, तर ते स्वैरपणाच्या अर्थाकडे झुकत असे, आणि ‘ती फार स्वतंत्र आहे’ हे शेजारणीचे बोलणे कौतुकाचे नसून बदनामीचे असे. ज्या शब्दाने आपली बदनामी होते तोच शब्द एकोणीस वर्षांची मुलगी स्वतःच्या मागणीसाठी उचलील, हे मला पटत नाही. तो उचलायला आधी एखादी सभा लागते, काही वर्तमानपत्रे लागतात, निदान सोबत बसून तो शब्द निराळ्या अर्थाने उच्चारणाऱ्या चार बायका लागतात. पुण्यात पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला तो १८८२ साली, तुमच्या नाटकाच्या आदल्याच वर्षी. कोल्हापुरातल्या कारकुनाच्या माजघरापर्यंत त्याची बातमी पोचली असेलही, पण ती टवाळीच्या स्वरूपात पोचली असण्याचा संभव अधिक.

वाक्याची दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती व्याकरणाची आहे. अशा घरात बायको नवऱ्याचे नाव घेत नसे, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. परंतु ती त्याला ‘तुम्ही’ असेही समोरासमोर सहसा म्हणत नसे, याचा आपण पुरेसा विचार करत नाही. ‘इकडून कधी येणं होईल?’, ‘तिकडची मर्जी असेल तर माहेरी जाणं व्हावं’, अशी ती भाषा होती. या वाक्यांमध्ये नवरा हा माणूस न राहता एक दिशा होतो, आणि बोलणारी तर वाक्यातून जवळजवळ नाहीशीच होते. जाणे होते, येणे होते, जेवण होते, पण ‘मी जाते’ असे कोणी म्हणत नाही. अशा भाषेत दहा वर्षे बोललेल्या मुलीच्या तोंडी ‘मला हवं’ हे दोन शब्द येणे, हीच मुळात फार मोठी घटना आहे. त्यानंतर काय हवे, हे जवळजवळ गौण ठरते. तिला वहाण हवी असेल, दिव्यात रात्री घटकाभर जास्त तेल हवे असेल, किंवा नागपंचमीला माहेरी जायचे असेल. तुमचे नाटक मला लिहायचे असते, तर मी पहिला अंक या एका वाक्याच्या दिशेने नेला असता.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मोघम सोडता येत नाहीत. ‘एकोणिसाव्या शतकातली स्त्री’ अशी कोणी एक बाई नव्हती. तुमची नायिका ब्राह्मण कारकुनाची बायको आहे, म्हणून वरचे सगळे तिला लागू पडते. तीच जर शुक्रवार पेठेतल्या एखाद्या कारागिराच्या किंवा शेतकऱ्याच्या घरची असती, तर अनेक जातींमध्ये काडीमोड आणि पाट, म्हणजे पुनर्विवाह, यांची रूढ वाट होती. जातपंचायतीसमोर सोडचिठ्ठी होई आणि बाई दुसऱ्या घरी नांदायला जाई. तिला शेतात, बाजारात, पाणवठ्यावर जायला बंदी नव्हती. तिच्यावरचा जाच निराळा होता आणि अनेकदा अधिक उघडा होता, पण तिच्या मोकळेपणाच्या कल्पनाही निराळ्या होत्या. उंबऱ्याबाहेर पडणे हा तिच्यासाठी रोजचा कामाचा भाग असल्याने तिच्या नाटकाचा पहिला अंक उंबऱ्यापाशी संपूच शकला नसता. याउलट एखाद्या सरदार घराण्यातल्या गोषातल्या बाईला अन्नवस्त्राची ददात नसे, पण खिडकीतून रस्ता पाहणेही तिच्या हातात नसे. याशिवाय घरात सासू आहे की नाही, मूल झाले आहे की नाही, झालेले मूल मुलगा आहे की मुलगी, माहेर एका दिवसाच्या गाडीवाटेवर आहे की घाटाखाली कोकणात आहे, बाप जिवंत आहे का, या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलते. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे की त्या काळच्या कोणत्याही बाईबद्दल काही लिहिण्यापूर्वी तिचा मुऱ्हाळी कोण आहे ते शोधा. सासरहून न्यायला भाऊ येतो का, तो आला तर त्याला सोप्यावर किती वेळ बसवून ठेवतात, आणि तो रिकाम्या हाती परत गेला असे किती वेळा घडले, एवढे कळले तर त्या संसाराबद्दल पुष्कळ कळते.

माहेराची ओढ ही केवळ आईच्या आठवणीची गोष्ट आहे असे आपण फार काळ समजत आलो. जात्यावरच्या ओव्यांमध्ये माहेर इतक्या वेळा येते की आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकलो. मला असे वाटते की त्या बायकांना ‘मोकळे असणे’ या स्थितीला दुसरे नावच उपलब्ध नव्हते. माहेर म्हणजे जिथे डोक्यावरचा पदर घसरला तरी कोणी बोलत नाही, जिथे उशिरा उठता येते, जिथे आपल्याला आपल्या नावाने हाक मारतात. लग्नात मुलीचे नाव बदलत असे, हे इथे लक्षात घ्या. सासरी तिला नवे नाव मिळे आणि जुने नाव फक्त माहेरच्या दारात जिवंत राही. म्हणून पहाटे जात्यावर बसून माहेर गाणाऱ्या बाईच्या ओवीत मला आईच्या आठवणीइतकीच स्वतःच्या जुन्या नावाची हाक ऐकू येते. हा माझा अर्थ आहे, आणि सगळे अभ्यासक तो मान्य करतील असे नाही.

या बाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका कारकुनी घराण्याच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे यादी करण्यासाठी आल्या होत्या. सगळा मजकूर मोडीत होता, एकाच हाताचा, सराईत. बायको त्या वह्यांमध्ये फक्त खर्चाच्या बाजूला येत असे: लुगडे, बांगड्या, बाळंतपण, माहेरी जाण्याचे गाडीभाडे. एका पानाच्या तळाशी मात्र बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरात, वेड्यावाकड्या वळणाने, ‘कागद’ असा शब्द आणि पुढे दोन आण्यांचा आकडा होता. मी यादीत त्या नोंदीपुढे ‘लहान मुलाचे गिरवणे’ असे लिहून टाकले आणि पुढे गेलो. वीस एक वर्षांनी त्याच वह्या दुसऱ्या कामासाठी उघडल्या, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या वर्षी त्या घरात लिहिण्याच्या वयाचे एकही मूल नव्हते. पुरुष मोडी लिहीत, आणि घरात किंवा मुलींच्या शाळेत ज्या थोड्या बायका शिकल्या त्या बाळबोध शिकत. ती नोंद घरच्या बाईने केली होती. दोन आण्यांचा कागद तिने स्वतःसाठी घेतला होता, आणि तो चोरून न घेता नवऱ्याच्या वहीत, त्याच्या अक्षराखाली, आपल्या अक्षरात नोंदवला होता. पुढच्या कोणत्याही पानावर ते अक्षर पुन्हा दिसत नाही. तिने त्या कागदावर काय लिहिले, ते लिहिणे का थांबले, हे मला कधीही कळणार नाही. परंतु ‘मला हवं’ हे वाक्य त्या काळात कसे दिसत असेल असे कोणी विचारले, तर मला ती ओळ आठवते. तिचे अक्षर मी मुलाचे समजलो, याची खंत मला आजही आहे, कारण तिच्या घरच्यांनीही बहुधा तेच केले असेल.

आता सर्वांत गुंतागुंतीच्या भागाकडे येतो. दिग्दर्शकांशी बोलताना तुम्हाला याचाच उपयोग होईल असे मला वाटते. आपण असे धरून चालतो की नवरा अडवणारा आणि बायको निघू पाहणारी. प्रत्यक्षात ज्या बायकांची आयुष्ये आपल्याला लिखित स्वरूपात ठाऊक आहेत, त्यांच्यापैकी अनेकींच्या बाबतीत बाहेर पड, शीक, बोल, असा आग्रह नवऱ्याचा होता, आणि तो आग्रह हुकमाच्या स्वरूपात होता. कोल्हापूरकरांनी तर हे विसरू नये, कारण या कथेतला एक महत्त्वाचा धागा आपल्या गावातून जातो. गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला होते आणि त्या नोकरीच्या निमित्ताने कोल्हापुरात राहिले होते. १८७८ साली त्यांनी इथूनच वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डर हे कोल्हापूरच्या मिशनचे संस्थापक, आणि तोवर ते अमेरिकेत परतले होते. त्यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला, तो न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला, आणि त्यातून आनंदीबाईंचा अमेरिकेचा मार्ग उघडला. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीवर चढल्या. तुमच्या नाटकाचे सालही १८८३ आहे. तुमची नायिका आणि त्या जवळजवळ एकाच वयाच्या.

वरून पाहिले तर यापेक्षा मोठे स्वातंत्र्य कोणते? पण आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेले एक पत्र आहे, ते वाचल्यावर हा प्रश्न इतका सरळ राहत नाही. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी झालेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या व सोडून जाण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षी आणखी चमत्कारिक शिक्षा, हे सगळे त्या एकेक वयासह आठवून देतात, आणि त्या त्या वयाच्या शरीराला व मनाला ते झेपणारे नव्हते असे स्पष्ट सांगतात. तुमची वागणूक चांगली की वाईट हे ठरवणे कठीण आहे, असेही त्या लिहितात. शिकवण्यासाठी मारणारा नवरा, आणि त्याच मारातून उभी राहिलेली डॉक्टर. तिला मोकळे व्हायचे होते ते कशापासून? अज्ञानापासून नक्कीच. पण ज्याने अज्ञानातून बाहेर काढले, त्याच्या हातापासूनही व्हायचे होते का? त्या पत्रात कुठेही ‘स्वातंत्र्य’ मागितलेले नाही. जे झाले ते वयाच्या हिशेबाने मांडून ठेवले आहे, आणि हिशेब मांडणे हीच त्या पत्राची ताकद आहे. हे पत्र हजारो मैलांवरून लिहिले गेले, याला मी फार महत्त्व देतो. एका माजघरात राहून ते लिहिता आले नसते. त्याच वेळी हेही खरे की परदेशातही परवानगीची गरज संपली नव्हती. थंडीमुळे लुगडे नेसण्याची पद्धत बदलावी लागली, तर त्याचाही खुलासा त्यांना पत्रातून करावा लागला.

त्याच पत्रात तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारी एक गोष्ट आहे. सासूच्या आणि नवऱ्याच्या छळाने कितीतरी मुलींनी घर सोडले आहे, असे त्या म्हणतात. आपणही तसे केले असते, पण अविचाराने वडिलांच्या अब्रूला डाग लागेल या भीतीने केले नाही, अशा अर्थाचे त्यांचे लिहिणे आहे. तेव्हा ‘त्या काळची बाई घर सोडण्याचा विचारच करत नव्हती’ हे दिग्दर्शकांचे म्हणणे टिकत नाही. विचार होता, उदाहरणेही डोळ्यांसमोर होती. अडवणारी गोष्ट मात्र नवऱ्याचे प्रेम किंवा धर्माचे भय याहून वेगळी होती, ती म्हणजे बापाचे तोंड काळे होईल ही काळजी. जी माहेरची ओढ तिला बाहेर खेचत होती, तीच तिला आत धरून ठेवत होती. आनंदीबाई १८८६ साली पदवी घेऊन परतल्या, त्यांची नेमणूक आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या (सीपीआर), स्त्री विभागावर झाली होती, आणि कामावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. सीपीआरच्या जुन्या इमारतीसमोरून जाताना मला दर वेळी वाटते की या दारातून त्या रोज सकाळी आत गेल्या असत्या, तर कोल्हापूरच्या किती माजघरांमधली वाक्ये बदलली असती.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांचा अनुभव याच जातीचा, पण सौम्य. तिथे मार नव्हता. तिथे शिकवणारा नवरा आणि शिकते म्हणून टोचून बोलणाऱ्या घरातल्या बायका, अशी ओढाताण होती. नवऱ्याचे ऐकावे तर सासरच्या बायका दुखावतात, बायकांचे ऐकावे तर नवरा. अशा घरात स्वतःला काय हवे, हे विचारायला जागाच कुठे उरते? त्या जागेचा शोध हा मला एकोणिसाव्या शतकातल्या सुधारक घरांमधला खरा नाट्यविषय वाटतो, आणि आपल्या रंगभूमीवर तो पुरेसा आलेला नाही असे माझे मत आहे.

तुमच्या नायिकेला रागाने बोलताच येणार नाही, असा याचा अर्थ कृपया घेऊ नका. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ पुण्यात छापून प्रसिद्ध केली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर सगळा दोष स्त्रीजातीवर टाकला जात होता, त्याला दिलेले ते उत्तर आहे. त्यातला संताप इतका धगधगीत आहे की आजही तो वाचताना कान तापतात. म्हणजे रागाची भाषा १८८३ सालापूर्वी मराठीत अवतरलेली होती. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. ताराबाई सबंध पुरुषजातीशी बोलतात. तुमची नायिका एका पुरुषाशी बोलत आहे, ज्याच्या ताटातले उरलेले ती मघाशीच जेवली आहे. समूहाशी भांडणे आणि एका माणसाशी भांडणे यांची वाक्ये वेगळी असतात.

आता मध्यरात्रीच्या प्रसंगाचे व्यावहारिक रूप पाहू. ती दारातून बाहेर पडली, तर जाईल कुठे? कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. १८८३ मध्ये पुण्याला जायचे तर बैलगाडीने कऱ्हाड-साताऱ्यावरून मुक्काम करत जावे लागे, आणि एकट्या तरुण बाईला गाडीवान गाडीत घेणार नाही, घेतले तर त्याच्यावर बालंट येईल. इंग्रजी मुलखात १८६० च्या दंडसंहितेने दुसऱ्याची बायको वाईट हेतूने फूस लावून नेणे किंवा दडवून ठेवणे हा गुन्हा ठरवला होता, आणि हेतूबद्दलचा संशय तर आधीच तयार असे. पंडिता रमाबाईंचे शारदासदन मुंबईत निघाले १८८९ साली, आणि तेही मुख्यतः विधवांसाठी. मिशनचे आवार कोल्हापुरात होते, पण तिथे रात्री गेलेली मुलगी बाटली असेच गाव म्हणणार. त्यामुळे मध्यरात्री बाहेर पडणारी मुलगी त्या काळात बहुतेक वेळा विहिरीकडे जात असे. तुम्हाला ते दाखवायचे नाही, हे तुमच्या लिहिण्यावरून मला समजले.

घर सोडण्यापेक्षा कठीण आणि त्या काळाला अधिक शोभणारी कृती म्हणजे जायला नकार देणे. मुंबईच्या रखमाबाईंनी ती केली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई वयात आल्यावर दादाजी भिकाजी यांच्या घरी नांदायला गेल्या नाहीत. दादाजींनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, अपिलानंतर प्रकरण फिरले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेला त्यांनी दीर्घकाळ काम केले. ही हकीकत आपण विजयकथा म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिच्या शेवटी एक असा तपशील आहे जो मी कधीच वगळत नाही. ज्यांच्या घरात त्यांनी पाऊल ठेवले नाही त्या दादाजींचे निधन झाल्यावर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले. याचे कारण मी तुम्हाला निश्चित सांगू शकत नाही. एवढेच सांगतो की जिला ‘नाही’ म्हणता आले, तिच्याही आत ते लग्न आपल्या समजुतीपेक्षा खोल कुठेतरी उरले होते. तुमच्या नायिकेला इतकी गुंतागुंत तुम्ही द्यायलाच हवी.

रखमाबाईंच्या पाठीशी कोण होते हेही पाहा. आई जयंतीबाई स्वतः पुनर्विवाहित होत्या आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्यकतज्ज्ञ होते. राहायला घर होते, वकिलाला द्यायला पैसा होता, मुंबईसारखे शहर होते. कोल्हापुरात संस्थानची वेगळी न्यायव्यवस्था होती आणि नायिकेचा नवरा त्याच संस्थानचा नोकर आहे. स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा शाहू महाराजांनी इथे केला तो १९१९ साली. तोवर तुमची नायिका जिवंत असेल तर पंचावन्न वर्षांची झालेली असेल, बहुधा स्वतः सासू असेल. दुसऱ्या अंकात तिला तिथवर न्यायचे असे तुमच्या मनात असेल तर अवश्य न्या. घरात वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जात आहे आणि ती माजघरातून ऐकत आहे, एवढा प्रसंगसुद्धा पुरेसा होईल.

नवऱ्याबद्दल एक विनंती आहे. त्याला खलनायक करू नका. पंचवीस-तिशीतला कारकून, कचेरीत वरिष्ठांपुढे हात जोडून उभा, घरात वडिलांपुढे बायकोशी एक शब्दही न बोलणारा, दिवसाउजेडी तिच्याकडे पाहण्याचीही चोरी असलेला. त्याला तिच्याशी बोलायला रात्रीचे काही क्षण मिळतात, तेही पलीकडच्या खोलीत आई जागी आहे या जाणिवेने. त्याचे स्वतःचेही ‘मला हवं’ कधी बोलले गेलेले नाही. फरक इतकाच, आणि हा फरक फार मोठा आहे, की त्याला पहाटे उठून पंचगंगेवर एकट्याने जाता येते आणि तिला येत नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर पहिला अंक असा संपवला असता. रात्र आहे. भाऊ तिला न्यायला आला होता, त्याला संध्याकाळी परत पाठवले आहे. नवरा जमाखर्च लिहून वही मिटतो. ती दिव्यापाशी उभी आहे. नेहमीप्रमाणे ‘इकडून परवानगी झाली असती तर’ असे ती बोलायला लागते, मध्येच थांबते, आणि वाक्य पुन्हा सुरुवातीपासून बोलते: ‘मला जायचं होतं.’ वाक्यात पहिल्यांदाच ती स्वतः आली आहे, आणि ते दोघांच्याही लक्षात आले आहे. नवऱ्याने लगेच उत्तर देऊ नये. पलीकडच्या खोलीत सासू कूस बदलल्याचा आवाज यावा. मग त्याने दिवा मालवण्यासाठी हात पुढे करावा, आणि तिने तो दिवा उचलून स्वतःकडे घ्यावा. दार बंदच राहू द्या.